दिल्लीत शिकणाऱ्या मुलीचा हिवाळा : ऊबदार कपडे कसे निवडावेत, कसे घालावेत

महाराष्ट्रातून दिल्लीला शिकायला जाणाऱ्या मुलीच्या सामानात आईवडील हमखास एक जाडजूड जॅकेट भरतात आणि थंडीचा बंदोबस्त झाला असे समजतात. डिसेंबर उजाडल्यावर असे लक्षात येते की ते जॅकेट रस्त्यावर उत्तम काम देते, पण मुलगी रस्त्यावर दिवसातून तास-दीड तासच असते. उरलेला वेळ ती वर्गात, वाचनालयात, मेसमध्ये आणि आपल्या खोलीत बसून काढते. दिल्ली, चंदीगड, रुरकी, पिलानी किंवा वाराणसी इथल्या बहुतेक हॉस्टेलांत आणि पीजींत (पेइंग गेस्ट म्हणून राहण्याच्या घरांत) खोल्या गरम ठेवण्याची काहीच सोय नसते. युरोप-अमेरिकेत बाहेर बर्फ असला तरी दाराच्या आत ऊब असते. आपल्या उत्तरेत मात्र भिंती गार, फरशी गार, खुर्ची गार आणि उशाशी ठेवलेली पाण्याची बाटलीही गार. म्हणून इथले कपडे निवडताना 'बाहेर जाताना काय घालायचे' या प्रश्नाच्या आधी 'चार तास एका जागी बसताना काय घालायचे' हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की बाहेरचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते.

निफाडच्या किंवा नागपूरच्या पालकांना थंडी नवी नसते. निफाडला पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि नागपूरकरांचे डिसेंबरातले स्वेटर काही शोभेसाठी नसतात. मात्र तिकडे दहा-अकराला ऊन तापू लागते, दुपारी हवा चांगली उबदार होते आणि घराच्या भिंती रात्रीचा गारवा टाकून देतात. दिल्लीत दाट धुके पडले की ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दिवसाचे कमाल तापमान अवघे ९.४ अंश नोंदले गेले. पुण्यात जानेवारीच्या पहाटे एरवी जेवढी थंडी असते, तिच्याहून अधिक थंडी त्या दिवशी दिल्लीत भर दुपारी होती. पुढे १ जानेवारी २०२१ रोजी तिथेच किमान तापमान १.१ अंशापर्यंत उतरले आणि बातम्यांत तो आकडा गाजला. पण मुलीच्या कपड्यांच्या दृष्टीने पहिला आकडा अधिक महत्त्वाचा आहे, कारण किमान तापमान पहाटे असते, तेव्हा ती रजईत असते, आणि कमाल तापमान घसरते तेव्हा ती बाकावर बसलेली असते.

त्यामुळे फोनवर दिल्लीचे हवामान पाहण्याची सवय असलेल्या पालकांनी कमाल तापमानाकडे लक्ष द्यावे. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात किमान तापमान चार अंश किंवा त्याखाली गेले की थंडीची लाट जाहीर करतो. त्याखेरीज 'शीत दिवस' अशी एक वेगळी सूचना असते. किमान तापमान दहा अंशांच्या आत असताना दिवसाचे कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक खाली राहिले की ती दिली जाते. ही दुसरी सूचना लागोपाठ दोन-तीन दिवस आली की खोली पुरती गारठते, कपडे वाळत नाहीत, आणि मुलीचा फोन येतो.

कधी आणि कुठे घ्यावेत

प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात आणि तेव्हा दिल्लीत घामाच्या धारा लागलेल्या असतात. त्या वेळी बॅगेत स्वेटर कोंबण्यात काही अर्थ नाही. ते पावसाळी दमट हवेत कपाटाच्या तळाशी राहतात आणि कुबट वास धरतात. मुलगी दिवाळीला घरी येते तीच हिवाळी कपडे देण्याची योग्य वेळ. नोव्हेंबरात सकाळ-संध्याकाळ गारवा जाणवू लागतो, खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत असते आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर ती ओसरते. संक्रांतीनंतर थंडी कमी होते हा आपल्याकडचा हिशेब तिकडे चालत नाही.

सगळे कपडे इथूनच घेऊन देण्याचा आग्रह धरू नये. पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळणारे स्वेटर पुण्या-मुंबईच्या थंडीसाठी असतात, आणि तिथली दुकानदार मंडळी 'एकदम गरम आहे' असे प्रामाणिकपणे सांगतात, कारण त्यांनी त्याहून जास्त थंडी पाहिलेली नसते. अंगालगतचे कपडे, पायमोजे आणि अंथरूण-पांघरूण घरून द्यावे. मधला एखादा स्वेटर घरून आणि एखादा तिथून घ्यावा. जॅकेट आणि बूट मात्र शक्यतो दिल्लीतच घ्यावेत. उत्तर भारतातले बहुतेक लोकरी आणि होजिअरी कपडे लुधियानात तयार होतात, दिल्लीत ते हंगामाच्या सुरुवातीपासून भरपूर मिळतात आणि मुलीला तिथल्या मैत्रिणी काय घालतात हेही दिसते. काश्मिरी गेटच्या बसस्थानकाजवळचे मॉनेस्ट्री मार्केट, मजनू का टीला ही तिबेटी वसाहत, दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसच्या मुलींचे कमला नगर आणि सगळ्या दिल्लीचे सरोजिनी नगर (हे सोमवारी बंद असते) या जागा मुलीला महिन्याभरात आपल्याहून जास्त ठाऊक होतात.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास शहराशहरांत लागणारे तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरबाजार हा याला चांगला अपवाद आहे. तिबेटी निर्वासितांची एक वसाहत महाराष्ट्रातच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे आणि स्वेटर विकणे हा या समाजाचा जुना हिवाळी व्यवसाय आहे. यातला बराचसा मालही लुधियानाचाच असतो, पण मुलगी दिल्लीला आहे असे सांगितले की विकणाऱ्या मावशी पुढे टांगलेले रंगीत स्वेटर बाजूला सारून मागच्या गठ्ठ्यातून वेगळाच स्वेटर काढतात, तो उलटा करतात आणि आतली वीण दाखवतात. वीण घट्ट असावी, खांद्याच्या जोडावर दोरे सुटलेले नसावेत आणि मनगटाची पट्टी ताणून सोडल्यावर लगेच मूळ जागी यावी. एवढ्या तीन गोष्टी त्या पाहायला लावतात, आणि एवढ्याच पाहण्यासारख्या असतात.

थर कसे रचावेत

कपडा ऊब निर्माण करत नाही. अंगातून निघणारी ऊब तो धरून ठेवतो, आणि तेही मुख्यतः आपल्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. ही गोष्ट मुलीला एकदा नीट पटली की पुढची निम्मी भांडणे टळतात. एका अतिजाड कपड्यापेक्षा तीन मध्यम कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्या मधल्या जागांतही हवा थांबते. याच कारणाने घट्ट कपड्यांचे एकावर एक थर चढवून उपयोग होत नाही, त्यांत हवेला जागाच राहत नाही. अंगालगतचा कपडा अंगाला चिकटून असावा, त्यावरचा प्रत्येक कपडा आधीच्यापेक्षा किंचित मोठा असावा. जॅकेट घ्यायला जाताना मुलीने थर्मल (अंगालगतचा ऊबदार कपडा) आणि स्वेटर घालूनच जावे. नुसत्या टी-शर्टवर मापाचे घेतलेले जॅकेट जानेवारीत स्वेटरवर चढत नाही.

अंगालगत थर्मल हवे. दिल्लीत दुकानदार याला 'इनर' म्हणतात. यात सुती मिश्रणाचे, पॉलिस्टरचे आणि मेरिनो (मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या मऊ) लोकरीचे असे प्रकार मिळतात. जी मुलगी दिवसभर बसून असते तिला सुती मिश्रणाचे चालते. जी सकाळी धावते, खेळते किंवा सायकलवर कॉलेजला जाते तिला मात्र ते देऊ नये, कारण सुती कपडा घाम पितो, ओला राहतो आणि थांबल्याबरोबर पाठीवर गार पडतो. लोकरीचे वैशिष्ट्य असे की ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणून परवडत असेल तर मेरिनोचा एक जोड घ्यावा आणि तो कडाक्याच्या दिवसांसाठी ठेवावा. थर्मलचे किमान तीन जोड हवेतच. धुक्याच्या दिवसांत एक जोड अंगावर, एक दोरीवर आणि दोरीवरचा दोन-दोन दिवस वाळत नाही म्हणून तिसरा, असा त्याचा हिशेब आहे. थोडासा दमट राहिलेला थर्मल 'अंगावर वाळेल' म्हणून घालणे हा थंडी वाजण्याचा खात्रीचा उपाय आहे, आणि हॉस्टेलात तो सर्रास केला जातो.

दुकानात गळ्याचा आकार मुद्दाम पाहावा. कॉलेजच्या वयाची मुलगी थर्मल घालत नाही त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की त्याचा गळा कुर्त्याच्या गळ्यातून बाहेर दिसतो. खोल गोल गळ्याचा एक जोड, काळ्या किंवा अंगाच्या रंगाच्या जवळ जाणाऱ्या रंगाचा, आणि बंद गळ्याचा एक जोड असे घेतले की ही तक्रार उरत नाही. बंद गळ्याच्या काळ्या थर्मलवर सैल स्वेटर घातला तर तो मुद्दाम केलेला पेहराव वाटतो. थर्मलची लांबी कमरेच्या चांगली खाली यावी आणि तो खालच्या थर्मलमध्ये खोचून घालावा. पुढे वाकून लिहिताना पाठीचा जो भाग उघडा पडतो, तिथूनच सगळी ऊब निघून जाते.

आपल्याकडच्या खरेदीत एक मोठी त्रुटी असते: वरच्या अंगाला चार स्वेटर घेतले जातात आणि पायांना एक जीन्स. बसलेल्या माणसाचे गुडघे, मांड्या आणि पावले आधी गारठतात, आणि जीन्सचे जाड सुती कापड गार झाले की गारच राहते. खालचे थर्मल वरच्याइतकेच आवश्यक आहे. जीन्स घालायचीच असेल तर ती एक माप सैल घ्यावी. आतून मऊ लव असलेल्या लेगिंग्ज दिल्लीत सगळीकडे मिळतात आणि त्यांवर लोकरी कुर्ता हा पेहराव वर्गासाठी जॅकेटपेक्षाही सोयीचा पडतो. गुडघ्याखाली येणारा लोकरी कुर्ता बाकावर बसल्यावर मांड्यांवर पांघरुणासारखा राहतो. दिल्लीच्या मुली सलवार-कमीज हिवाळ्यात उगाच पसंत करत नाहीत.

मधला थर समोरून उघडणारा असावा. सकाळी साडेआठच्या तासाला जाताना घातलेले सगळे कपडे मेट्रोच्या गर्दीत नकोसे होतात, डोक्यातून काढायचा स्वेटर तिथे काढता येत नाही आणि मग घाम येतो. घामेजलेले अंग घेऊन पुन्हा थंड वाऱ्यात उतरणे वाईट. चेनचे फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा स्वेटर) किंवा बटणांचे कार्डिगन उघडून घेता येते. सगळ्यात वरचा कपडा वारा अडवणारा हवा, आणि फक्त तेवढ्यासाठीच हवा. ई-रिक्षात किंवा दुचाकीवर मागे बसताना विणलेल्या स्वेटरच्या छिद्रांतून वारा आरपार जातो, तिथे पातळसे पण घट्ट विणीचे जॅकेटही चमत्कार वाटावा इतका फरक पाडते. पिसांचे जॅकेट हलके आणि फार उबदार असते, पण ओले झाले की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. हॉस्टेलात कपडे वाळवण्याची परिस्थिती पाहता कृत्रिम भरणाचे जॅकेट अधिक व्यवहार्य आहे. कमरेखाली येणारे, टोपी जोडलेले आणि दोन चांगल्या खोल खिशांचे घ्यावे. मुलींच्या जॅकेटांना नावापुरते खिसे देण्याची पद्धत कोणी काढली कोण जाणे. हात शिरत नसतील तर ते जॅकेट सरळ परत ठेवावे.

लोकर आणि लोकरीसारखे

दुकानात 'प्युअर वुलन' या शब्दांना फारसा अर्थ नसतो, आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवरचे टक्के वाचावेत. स्वस्त स्वेटर बहुधा ॲक्रिलिकचे असतात. ते काही टाकाऊ नव्हेत, ऊब देतात, लवकर वाळतात. पण घामाचा वास धरतात आणि महिन्याभरात त्यांच्यावर गोळे येतात. लोकर आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण विद्यार्थिनीच्या वापराला सगळ्यात योग्य, कारण निव्वळ लोकरीचा स्वेटर हॉस्टेलच्या बादलीत आणि धुलाईयंत्रात टिकत नाही. पट्टी नसेल आणि खात्री करायचीच असेल तर घरी आतल्या शिवणीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून मोरीवर जाळून पाहावा: लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत दूर नेल्यावर ती विझते आणि राख बोटांनी चुरडता येते, ॲक्रिलिक वितळत जळते आणि मागे कडक काळा मणी उरतो.

पश्मिना म्हणून फुटपाथवर तीन-चारशे रुपयांना मिळणारी शाल पश्मिना नसते. खरी पश्मिना लडाखच्या उंच पठारावरच्या चांगथांगी शेळ्यांच्या आतल्या लोकरीपासून बनते आणि तिची किंमत हजारांत असते. विद्यार्थिनीला तिची गरजही नाही. तिला हवी ती मोठी, जाड, साधी लोकरी शाल, जी वर्गात खांद्यावर, वाचनालयात मांडीवर आणि रात्री रजईच्या आत घेता येते. एवढी कामे करणारा दुसरा कपडा नाही, आणि घरात आजीची अशी शाल पडून असेल तर नवी घेऊ नये.

पाय, हात, डोके

दोन घट्ट पायमोजे एकावर एक चढवून त्यावर मापाचा बूट घातला की पाय अधिकच गारठतात, कारण रक्तप्रवाह दबतो आणि हवेला जागा राहत नाही. एकच जाड लोकरी-मिश्रित मोजा आणि तो घालून अर्धे माप मोठा घेतलेला बूट हे बरोबर. कॅनव्हासचे बूट दिल्लीच्या जानेवारीत निरुपयोगी आहेत; पहाटेच्या दवाने गवतावरून चालताना ते भिजतात. घोट्यापर्यंतचा, जाड तळव्याचा, आत थोडे अस्तर असलेला बूट एक घ्यावा. खोलीसाठी आतून लव असलेली जाड तळव्याची सपाता वेगळी हवी. मोझेकच्या फरशीवर अनवाणी किंवा पातळ रबरी चपलेत वावरण्याची आपली सवय तिथे सोडावी लागते, आणि ही एक वस्तू पालकांच्या यादीत बहुधा नसते.

पायांच्या किंवा हातांच्या बोटांवर लाल-जांभळी सूज येणे, ऊब मिळताच तिथे खाज सुटणे आणि आग होणे हा त्रास उत्तरेत हिवाळ्यात पुष्कळ मुलींना होतो. ओलसर थंडी आणि मग एकदम मिळालेली उष्णता यामुळे तो वाढतो. गारठलेली बोटे थेट गरम पाण्यात बुडवू नयेत किंवा हीटरसमोर धरू नयेत, हळूहळू ऊब द्यावी, पाय कोरडे ठेवावेत, खाजवू नये. कातडी फुटली किंवा पंधरवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. शिवाय, खोलीतल्या इतर मुलींपेक्षा आपल्या मुलीला सतत फार जास्त थंडी वाजत असेल, हातपाय कायम बर्फ असतील आणि थकवाही असेल, तर आणखी एक स्वेटर पाठवण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही शंका अवाजवी नाही.

हातमोजे दोन प्रकारचे असावेत: बाहेरचे जाड, आणि आत बसून लिहिण्यासाठी बोटांची टोके उघडी ठेवणारे पातळ विणीचे. मुलीला हे दुसरे आधी विनोदी वाटतात, परीक्षेच्या अभ्यासाच्या रात्री ती ते शोधत फिरते.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे वारंवार सांगितले जाते; ते खरे नाही, डोक्याच्या वाट्याला साधारण त्याच्या आकाराइतकाच भाग येतो. तरीही कान आणि मान झाकल्याने फार आराम वाटतो, हे कोणालाही अनुभवाने ठाऊक असते. त्यासाठी हनुवटीखाली बटण लावायच्या कानटोपीचा हट्ट धरू नये, मुलगी ती घालणार नाही. विणलेली गोल टोपी किंवा कानपट्टी आणि गळ्याभोवती दोन वेढे बसतील एवढा मफलर पुरे. हाच मफलर नाकावर ओढला की दिल्लीच्या हिवाळी धुराचेही निवारण होते असा मुलींचा समज असतो. तो चुकीचा आहे, हवा खराब असेल त्या दिवशी एन-९५ मास्कच लावावा.

अंघोळ, केस आणि रात्र

हॉस्टेलातला सगळ्यात कठीण क्षण अंघोळीनंतरचा असतो, आणि तो कपड्यांच्या क्रमाने सोपा करता येतो. अंघोळीला जाण्यापूर्वी थर्मलचा जोड घडी करून रजईत, आपण झोपलो होतो त्या उबेत ठेवावा. न्हाणीघरातच अंग पूर्ण कोरडे करावे. बोटांच्या बेचक्या आणि पाठ ओली राहते, तिथे विशेष लक्ष द्यावे. जाड टर्किश टॉवेल दिसायला छान असतो, पण धुक्यात तो वाळत नाही, म्हणून दोन पातळ पंचे बरे. खोलीत आल्यावर आधी मोजे आणि सपाता, मग बाकीचे कपडे. केस सकाळी धुऊ नयेत. लांब केसांच्या मुलीने सुटीच्या दिवशी दुपारी, ऊन असेल तेव्हाच न्हावे आणि गच्चीवर बसून केस वाळवावेत. खोबरेल तेल तिथे दगडासारखे गोठते, त्याऐवजी तिळाचे तेल द्यावे. अंगाला लावायलाही तेच चांगले.

रात्रीसाठी रजई तिथेच भरून घेता येते, पण एक गोधडी मात्र घरून जरूर पाठवावी, आणि ती पांघरायला नव्हे तर अंथरायला. हॉस्टेलातली पातळ गादी आणि खालची लोखंडी किंवा लाकडी फळी यांमधून गारवा वर येतो, त्यामुळे पांघरुणे वाढवूनही पाठ गार राहते. गादीवर गोधडी, तिच्यावर चादर, अंगावर आधी शाल किंवा हलके ब्लँकेट आणि सगळ्यांवर रजई असा क्रम ठेवावा. दिवसभर घातलेले थर्मल घालून झोपू नये. त्यात दिवसाचा घाम असतो. रात्रीचा जोड वेगळा, सैल आणि कोरडा असावा. जॅकेट घालून रजईत शिरणे तर मुळीच नको. मध्यरात्री घाम येतो, पांघरूण फेकले जाते आणि पहाटे घसा धरतो.

रबरी गरम पाण्याची पिशवी मासिक पाळीच्या दिवसांतही उपयोगी पडते म्हणून ती असावीच. ती दोन तृतीयांश भरावी, हवा दाबून काढावी, बूच लावावे आणि कापडी खोळीशिवाय अंगाला लावू नये. विजेवर तापणारी पिशवी असेल तर प्लग काढल्याखेरीज अंथरुणात घेऊ नये. पीजीत राहणाऱ्या मुलीला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी: बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपायचे नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा खोल्यांत झोपलेली माणसे दगावतात. घरमालक स्वतः आणून देत असले तरी नको म्हणावे.

मुलीने घालावे यासाठी

"अगं, स्वेटर घातलास का?" या प्रश्नाला फोनवर "हो गं आई" एवढेच उत्तर मिळते, आणि ते खरे असेलच असे नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला थंडी वाजते ती आपल्याला सांगावीशी वाटत नाही, आणि आईने पाठवलेले विटकरी रंगाचे कार्डिगन मैत्रिणींसमोर घालावेसेही वाटत नाही. म्हणून जे दिसत नाही ते आपण निवडावे आणि जे दिसते ते तिला निवडू द्यावे. थर्मल, मोजे, सपाता, गोधडी यांत आपले चालावे. जॅकेट, स्वेटर, टोपी आणि बूट यांसाठी तिला पैसे द्यावेत आणि सोबत दोन-तीन अटी सांगाव्यात: कमरेखाली आले पाहिजे, स्वेटरवर चढले पाहिजे, खिशात हात गेले पाहिजेत. रंग तिचा. बाबांनी ऑनलाइन मागवून परस्पर हॉस्टेलवर पाठवलेले जॅकेट मापात बसत नाही आणि परत करण्याचा कंटाळा येतो, तेव्हा तो उत्साह आवरावा.

चौकशीही वेगळ्या तऱ्हेने करावी. 'घातलास का' याऐवजी 'रात्री पाय गरम होतात का', 'वाळत घातलेले वाळले का', 'वाचनालयात किती वेळ बसवते' असे विचारले तर काय कमी आहे ते नेमके कळते. पाय गार राहत असतील तर मोजे आणि अंथरूण पाहायचे. वाचनालयातून लवकर उठावे लागत असेल तर खालचे थर्मल आणि शाल. जाड दिसण्याची तिची तक्रार असेल तर ती झटकून टाकू नये. तीन ढगळ स्वेटरांऐवजी एक चांगला अंगालगतचा थर्मल आणि एक घट्ट विणीचा स्वेटर हे उत्तर दिसण्याच्याही दृष्टीने बरे आहे आणि उबेच्याही. कॉलेजच्या कार्यक्रमाला किंवा मैत्रिणीकडच्या लग्नाला साडी नेसायची असेल, आणि दिल्लीतली लग्ने नेमकी थंडीत, उघड्या हिरवळीवर होतात, तर परकराच्या आत लोकरी लेगिंग, लांब बाह्यांचा मखमली ब्लाऊज आणि साडीखाली दिसणार नाहीत असे बंद बूट. शाल हातात असू द्यावी.

धुणे आणि ठेवणे

थर्मल दोन दिवसांनी धुवावेत. स्वेटर दर आठवड्याला धुण्याची गरज नसते, उन्हात उलटा करून टाकला तरी पुरते. लोकरी कपडे कोमट नव्हे तर गार पाण्यात, लोकरीसाठीच्या द्रव साबणाने, न चोळता धुवावेत. पिळू नयेत, पंच्यात गुंडाळून दाबावेत आणि आडवे पसरून वाळवावेत, दोरीवर टांगले की ओल्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. ओले मोजे आणि थर्मल पंख्याखाली किंवा खिडकीजवळ खोलीत रात्रभर ठेवले की खोलीतला दमटपणा वाढतो, म्हणून ऊन पडलेला एकही दिवस वाया घालवू नये.

होळीच्या सुटीत मुलगी घरी येते तेव्हा जाड कपडे सोबत आणावेत किंवा तिथेच पेटीत बंद करावेत, पण धुतल्याशिवाय ठेवू नयेत. कसर लागते ती घामाच्या आणि तेलाच्या डागांना आधी. पूर्ण वाळलेले कपडे सुती कापडात गुंडाळून, सुकवलेला कडुलिंबाचा पाला किंवा कापडाच्या पुरचुंडीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट कोंबू नयेत. त्याच वेळी थर्मलच्या कमरेचे इलॅस्टिक आणि मोज्यांच्या टाचा पाहून घ्याव्यात. सैल झालेले इलॅस्टिक शिंप्याकडून बदलून घेता येते. टाचेपाशी विरलेले मोजे मात्र टाकून द्यावेत आणि पुढच्या दिवाळीच्या यादीत लिहून ठेवावेत.